एआर-१५ साठी लोअर रिसीव्हर निवडताना: पॉलिमर की ॲल्युमिनियम?

एआर-१५ जातीची रायफल सुट्या भागांतून जुळवायची असो किंवा तयार विकत घ्यायची असो, लोअर रिसीव्हरचा, म्हणजे ट्रिगर, मॅगझिन आणि दस्ता ज्याला बसतात त्या खालच्या सांगाड्याचा, विचार सर्वांत आधी करावा लागतो. अमेरिकेच्या संघीय कायद्याच्या दृष्टीने अनुक्रमांक असलेला हाच भाग म्हणजे बंदूक. बॅरल, बोल्ट (काडतुसाच्या मागची जागा बंद करणारा सरकता भाग), अपर रिसीव्हर (बॅरल आणि बोल्ट धरणारा वरचा सांगाडा) आणि दस्ता हे बहुतेक राज्यांत साध्या सुट्या भागांसारखे विकले जातात आणि नंतर केव्हाही बदलता येतात. लोअर बदलायचा म्हणजे कायद्याने नवी बंदूक घेणे, आणि त्यासाठी सगळी कागदपत्रे पुन्हा करावी लागतात. म्हणून पॉलिमर घ्यावा की ॲल्युमिनियम, हा प्रश्न शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाच्या किंवा थोड्याफार पैशांच्या फरकावर सोडवण्यासारखा नाही.

या प्रश्नावर दोन ठाम मते नेहमी ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की प्लास्टिक ते प्लास्टिकच. दुसरा म्हणतो की पिस्तुलांनी पॉलिमर कधीच सिद्ध करून दाखवला आहे. माझ्या मते दोन्ही पक्ष चुकीच्या जागी बोट ठेवतात. लोअर टिकेल की तुटेल हे मुख्यतः पदार्थाच्या नावावरून ठरत नाही. त्या पदार्थाला साजेसा आकार त्याला दिला आहे की दुसऱ्या पदार्थासाठी आखलेला आकार त्याच्यावर लादला आहे, यावरून ठरते. पुढील सर्व पायऱ्या याच एका कसोटीभोवती रचल्या आहेत.

पहिली पायरी: लोअरवर भार कुठे पडतो ते समजून घेणे

गोळी सुटते तेव्हा चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीत, निर्माण होणारा प्रचंड दाब लोअरपर्यंत पोहोचतच नाही. बोल्टचे दाते बॅरलच्या मागील टोकाला बसवलेल्या पोलादी बॅरल एक्स्टेन्शनमध्ये अडकतात आणि हा दाब पोलादाने पोलादातच पेलला जातो. बॅरल, बोल्ट आणि बहुधा दुर्बीणही अपरवरच असल्यामुळे नेमबाजीतील अचूकतेचा मोठा भागही अपरच ठरवतो. म्हणूनच लोअर आणि अपर यांच्यात थोडी खुळखुळ जाणवली तरी लक्ष्यावरील छिद्रांच्या समूहात तिचा परिणाम सहसा दिसत नाही. ही खुळखुळ घालवण्यासाठी रबरी पाचर किंवा ताण देणारा स्क्रू वापरणारे पुष्कळ आहेत. हाताला बरे वाटते, याखेरीज त्याचा फार उपयोग नाही.

मग लोअरला सोसावे काय लागते? बोल्टला वाहून नेणारा बोल्ट कॅरिअर मागे येतो, बफरला, म्हणजे धक्का शोषणाऱ्या वजनाला, ढकलतो आणि बफर त्याच्या नळीच्या तळाशी जाऊन आदळतो. ही नळी लोअरच्या मागील बाजूस असलेल्या कड्यात आट्यांनी बसवलेली असते. दस्ता खांद्याला टेकलेला असतो, त्यामुळे रायफलचे वजन, धक्का आणि माणसाच्या हालचाली या सर्वांचा बाक या एका कड्यावर येतो. रायफल दस्त्यावर पडली, कोणी तिच्यावर रेलले, किंवा अडकलेले काडतूस सोडवण्यासाठी दस्ता जमिनीवर आपटत चार्जिंग हँडल (बोल्ट हाताने मागे ओढण्याची दांडी) ओढले, तर सर्वांत मोठा ताण याच ठिकाणी येतो. दुसरी नाजूक जागा म्हणजे लोअर आणि अपर यांना पुढून जोडणाऱ्या पिव्होट पिनची दोन पातळ कानशिले. तिसरी म्हणजे ट्रिगर आणि हॅमरच्या पिनांची छिद्रे. त्यांचा व्यास अवघा ०.१५४ इंच असतो आणि हॅमरचा प्रत्येक फटका त्यांच्या कडांवर उतरतो. मॅगझिनची विहीर मोठी आणि भारदस्त दिसते, परंतु तिच्यावर येणारा भार तुलनेने किरकोळ असतो.

जर्मन सैन्याच्या जी-३६ रायफलचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते आणि बहुतेक वेळा चुकीच्या अर्थाने दिले जाते. १९९७ पासून वापरात आलेल्या या रायफलीचा रिसीव्हर पॉलिमरचा आहे आणि ती तापल्यावर नेम सरकतो, असा वाद इतका वाढला की २०१५ मध्ये जर्मनीच्या संरक्षणमंत्र्यांनी तिला सध्याच्या स्वरूपात भविष्य नसल्याचे जाहीर केले. पुढील वर्षी कोब्लेन्झच्या न्यायालयाने, रायफल कराराप्रमाणेच होती असे म्हणत उत्पादकाच्या बाजूने निकाल दिला, ही दुसरी बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. वाद कुणीही जिंकला असो, जी-३६ मध्ये बॅरल धरणारा धातूचा भाग पॉलिमरच्या रिसीव्हरमध्ये बसवलेला आहे. एआर-१५ च्या लोअरमध्ये बॅरल नसतेच. म्हणून त्या वादातील नेम सरकण्याचा मुद्दा इथे आणणे गैरलागू आहे. पॉलिमर लोअरचा खरा धोका मोडण्याचा आहे, नेम बिघडण्याचा नाही.

दुसरी पायरी: ॲल्युमिनियमचा प्रकार आणि घडण ओळखणे

सगळे ॲल्युमिनियम सारखे नसते. चांगल्या लोअरमध्ये ७०७५-टी६ ही मिश्रधातू वापरलेली असते. तिच्यात जस्ताचे प्रमाण मोठे असते, आणि उष्णतेच्या प्रक्रियेनंतर तिची नमनमर्यादा, म्हणजे ज्या ताणापुढे धातू कायमचा वाकतो तो ताण, सुमारे ५०० मेगापास्कल असते. काही उत्पादक ६०६१-टी६ वापरतात. तिची नमनमर्यादा साधारण २७५ मेगापास्कल, म्हणजे जवळपास निम्मी. आकडा ऐकून ६०६१ कमअस्सल वाटते, पण लोअरवर येणारे भार पाहता नेमबाजीच्या मैदानापुरत्या वापरासाठी ती पुरेशी असते आणि गंज सोसण्यात ती उलट सरस असते. तरीही दोन्हींच्या किमतीत थोडाच फरक असेल, तर ७०७५ सोडून ६०६१ घेण्याचे कारण मला दिसत नाही.

घडणीचे तीन प्रकार आहेत. फोर्जिंगमध्ये तापवलेला धातू साच्यात प्रचंड दाबाने ठोकला जातो, त्यामुळे धातूचे कण आकाराच्या वळणाप्रमाणे वळतात. नंतर छिद्रे आणि आतील पोकळी यंत्रावर कापली जाते. बिलेट म्हणजे घन ठोकळ्यातून यंत्राने कोरून काढलेला लोअर. कडा रेखीव असतात, नक्षी करता येते, ट्रिगर गार्ड अनेकदा अंगचाच असतो आणि किंमत चढी असते. मात्र बिलेट दिसायला भक्कम असला म्हणून फोर्ज्डपेक्षा मजबूत असतो हा समज खरा नाही. त्याच मिश्रधातूत आणि त्याच जाडीत फोर्जिंगच किंचित पुढे राहते, आणि म्हणूनच बिलेटच्या भिंती सहसा जाड ठेवतात. तिसरा प्रकार ओतीव. तो स्वस्त असतो, परंतु ओतकामात सूक्ष्म पोकळ्या राहण्याची शक्यता असल्यामुळे त्याच्या वाटेला न गेलेले बरे.

एक गोष्ट खिसा वाचवणारी आहे. अमेरिकेत कच्चे फोर्जिंग बनवणारे कारखाने मोजकेच आहेत आणि त्यांच्याकडून घेतलेल्या कच्च्या घडणीवर अनेक कंपन्या आपापले यंत्रकाम करून आपापला शिक्का मारतात. लोअरच्या अंगावर कुठेतरी फोर्जिंग कारखान्याची बारीक खूण उठलेली असते. तीच खूण स्वस्त आणि महाग अशा दोन्ही लोअरवर दिसली, तर फरक यंत्रकामाच्या नेमकेपणात, लेपात आणि तपासणीत शोधावा, धातूत नव्हे.

लेपाचा विचार धातूइतकाच महत्त्वाचा आहे. टाइप-३ म्हणून ओळखले जाणारे कठीण ॲनोडायझिंग म्हणजे वरून फासलेला रंग नव्हे. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागाचेच कठीण ऑक्साइडमध्ये झालेले रूपांतर असते. त्याची जाडी साधारण ०.००२ इंच असते. तिचा अर्धा भाग मूळ धातूच्या आत जातो आणि अर्धा बाहेर वाढतो. पिनांची छिद्रे झिजण्यापासून वाचतात ती या थरामुळे. नुसता रंग दिलेल्या किंवा लेप न दिलेल्या लोअरमध्ये पोलादी पिन मऊ ॲल्युमिनियमवर घासत राहतात आणि काही हजार फैरींनंतर छिद्रे लंबगोल होऊ लागतात. लेप न दिलेला लोअर पुढे हवा तसा रंगवून घेऊ या विचाराने घेणारे पुष्कळ असतात; त्यांनी आधी ॲनोडायझिंगची सोय पाहावी.

तिसरी पायरी: पॉलिमरचा स्वभाव समजून घेणे

बंदुकीत नायलॉन वापरण्याची कल्पना अलीकडची नाही. रेमिंग्टनने १९५९ मध्ये ड्युपाँटच्या झायटेल नायलॉनचा दस्ता आणि रिसीव्हरचे कवच एकत्र असलेली नायलॉन-६६ ही पॉइंट-टू-टू (.२२ इंची छोट्या काडतुसाची) रायफल बाजारात आणली, आणि तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. ती कोणत्याही पोलादी किंवा ॲल्युमिनियम रिसीव्हरची नक्कल नव्हती. तिचा आकारच साच्यातून निघणाऱ्या नायलॉनसाठी आखलेला होता. तिच्या यशाचे एक मोठे कारण मला यात दिसते.

आजचे पॉलिमर लोअर बहुधा काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे असतात. तीस टक्क्यांच्या आसपास काचतंतू ही सर्वत्र आढळणारी मात्रा आहे. अशा नायलॉनची घनता सुमारे १.४ असते, तर ७०७५ ची २.८१. म्हणजे त्याच आकाराचा भाग निम्म्या वजनात होतो. लोअरमध्ये जाडी वाढवावी लागत असल्यामुळे प्रत्यक्षात सुमारे शंभर ग्रॅमची बचत हाती लागते. तीन किलोच्या रायफलीत शंभर ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असे म्हणता येईल; वजनाबाबत काटेकोर असलेला माणूस मात्र हेच शंभर ग्रॅम पातळ बॅरल निवडून सहज वाचवू शकतो, आणि ती बचत हाताला अधिक जाणवते, कारण ती पुढच्या टोकाला होते.

खरा फरक ताठरपणात आहे. ७०७५ चा लवचिकता गुणांक सुमारे ७२ गिगापास्कल, तर कोरड्या काचतंतूयुक्त नायलॉनचा ९ ते १० च्या आसपास. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, त्यामुळे सात-आठ पट कमी ताठर पदार्थातून तेवढाच ताठर पत्रा हवा असेल, तर जाडी साधारण दुप्पट करावी लागते. मॅगझिनच्या विहिरीत ते बाहेरच्या अंगाने सहज जमते. बफरच्या कड्यात मात्र जमत नाही. कड्याच्या आतला व्यास नळीने ठरवलेला असतो, वरच्या बाजूला चार्जिंग हँडल येते, मागे एंड प्लेट ही पातळ पट्टी बसते. खाली आणि बाजूंना मांस वाढवता येते, वर फारसे नाही. नेमका जिथे सर्वांत जास्त ताण, तिथेच सर्वांत कमी जागा: ॲल्युमिनियमचा आकार जसाच्या तसा प्लास्टिकमध्ये उतरवणाऱ्या लोअरची दुखरी नस हीच आहे.

साच्यातून काढलेल्या भागाच्या आणखी काही खोडी आहेत. वितळलेले नायलॉन साच्यात शिरते तेव्हा पिनांच्या छिद्रांच्या जागी असलेल्या खुंट्यांना वळसा घालून पुढे जाते आणि दोन प्रवाह पलीकडे एकत्र येतात. जिथे ते मिळतात त्या रेषेवर काचतंतू एकमेकांत नीट गुंतत नाहीत, त्यामुळे तिथली ताकद आजूबाजूपेक्षा कमी राहते. कौशल्याने आखलेल्या साच्यात ही रेषा कमी ताणाच्या जागी येते. घाईने आखलेल्या साच्यात ती नको तिथे येते, आणि ग्राहकाला बाहेरून ते क्वचितच कळते.

नायलॉन हवेतील ओलावा शोषून घेते. ओलाव्याने ते किंचित फुगते, ताठरपणा गमावते, पण चिवट होते. अगदी कोरडे नायलॉन अधिक ताठर, पण अधिक ठिसूळ असते. कोरड्या थंडीत आपटलेला पॉलिमर लोअर तडकण्याचा धोका म्हणून वाढतो. तापमानाच्या दुसऱ्या टोकाला, कोरड्या नायलॉनचे मऊपणाकडे झुकणारे संक्रमण ५० ते ६० अंश सेल्सियसच्या सुमारास होते आणि ओलाव्यामुळे ते आणखी खाली येते. नायलॉन वितळायला त्याच्या प्रकारानुसार सव्वादोनशे-अडीचशे अंश लागतात, तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत लोअर वितळेल ही भीती हास्यास्पद आहे. सतत ताणाखाली, उष्णतेत, महिनोन्महिने ठेवलेला भाग हळूहळू सरकतो, ही चिंता मात्र खरी आहे. आट्यांवर घट्ट आवळलेला नट काही काळाने सैल झालेला आढळतो तो यामुळेच.

चौथी पायरी: पॉलिमर लोअरची जात ओळखणे

बाजारात मिळणारे पॉलिमर लोअर तीन जातींत मोडतात, आणि कोणता घ्यावा हे या जातीवरून बरेचसे ठरते.

पहिली जात म्हणजे मूळ ॲल्युमिनियमच्या आकाराची पूर्ण प्लास्टिक नक्कल. बफरच्या कड्यातील आटेही प्लास्टिकचेच असतात. काही उत्पादकांनी कडे जाड केले आहे, आधाराच्या बरगड्या दिल्या आहेत. तरीही मूळ अडचण तशीच राहते. पॉइंट-टू-टू च्या अपरखाली, मैदानावरच्या सरावासाठी असा लोअर वर्षानुवर्षे कुरकुर न करता चालतो. ज्या रायफलीवर कोणाची सुरक्षितता अवलंबून असणार आहे, तिच्यासाठी मी तो सुचवणार नाही.

दुसरी जात संकरित. यात बफरच्या कड्यात धातूचे आटे बसवलेले असतात, कधी हॅमरच्या पिनांभोवतीही धातूचे तुकडे ओतलेले असतात. टेनेसी आर्म्सने पितळी आट्यांचा आणि अमेरिकन टॅक्टिकलने ओम्नी हायब्रिडमध्ये धातूच्या जोडांचा मार्ग घेतला. आटे झिजणे आणि सरकणे यावर हा उपाय चांगला आहे. मात्र धातूच्या तुकड्याभोवतीचे प्लास्टिक तेवढेच राहते. भार आट्यांकडून सुटून धातू आणि प्लास्टिक यांच्या सांध्यावर जातो. शिवाय धातू आणि नायलॉन उष्णतेने सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे अशा लोअरमध्ये धातूच्या तुकड्याच्या कडेने केसासारखी भेग आहे का, हे अधूनमधून पाहावे लागते.

तिसरी जात मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेली वाटते: दस्ता, मूठ आणि लोअर एकच साचेकाम. कॅव्हलरी आर्म्सचा कॅव्ह-१५ हा या वाटेने गेलेला. तो दोन अर्ध्या भागांत साच्यातून काढून जोडला जाई. पुढे केई आर्म्सने केपी-१५ हा एकसंध स्वरूपाचा लोअर आणला. यात आट्यांचे कडे मुळातच नाही. बफर थेट दस्त्याच्या आतील पोकळीत सरकतो आणि ताण एका अरुंद कड्यावर एकवटण्याऐवजी सगळ्या मागील भागावर पसरतो. याची किंमत म्हणजे लवचिकता: दस्त्याची लांबी ठरलेली, मूठ बदलता येत नाही, घडी घालणारा दस्ता बसत नाही. रायफल एकाच माणसाच्या हातात राहणार असेल, तर ही किंमत फार नाही. घरातील उंच आणि ठेंगणी अशी दोन माणसे तीच रायफल वापरणार असतील, तर लांबी कमी-जास्त होणारा दस्ता आणि म्हणून ॲल्युमिनियम बरा.

पाचवी पायरी: वापराशी ताळा घालणे

इथवर आल्यावर निवड बरीचशी आपोआप होते. सर्वसाधारण उपयोगासाठी एकच रायफल असणार असेल, तर टाइप-३ ॲनोडायझिंग केलेला ७०७५-टी६ चा फोर्ज्ड लोअर घ्यावा आणि पुढचा विचार बंद करावा. साध्या फोर्ज्ड लोअरच्या किमती इतक्या खाली आल्या आहेत की केवळ स्वस्त म्हणून पॉलिमर घेण्याचा मुद्दा आता फारसा उरलेला नाही. हलकी, खांद्यावर दिवसभर वागवायची रायफल हवी असेल तर एकसंध पॉलिमर, पातळ बॅरलसह.

पॉलिमर मुळीच घेऊ नये असे दोन प्रसंग मात्र स्पष्ट आहेत. नऊ मिलिमीटरच्या ब्लोबॅक पद्धतीत बोल्ट अडकत नाही, तो केवळ स्वतःच्या जडपणाने थोपवला जातो. हा जड बोल्ट आणि जड बफर मागे येऊन आदळतात तेव्हा काडतूस छोटे असूनही लोअरला बसणारा धक्का तीव्र असतो. त्याचप्रमाणे पॉइंट-फोर-फाइव्ह-झिरो बुशमास्टर किंवा पॉइंट-फोर-फाइव्ह-एट सोकॉम यांसारख्या जाड काडतुसांचा धक्का नेहमीच्या पॉइंट-टू-टू-थ्रीपेक्षा कितीतरी मोठा असतो. उत्पादकाने लेखी मान्यता दिली नसेल, तर या दोन्हींसाठी धातूच वापरावा.

सहावी पायरी: दुकानात हाती घेऊन तपासणे

ॲल्युमिनियमच्या लोअरमध्ये सर्वप्रथम ट्रिगर गार्डची मागची दोन कानशिले पाहावीत. आधार न देता रोल पिन ठोकल्यामुळे एक कान मोडणे, हा या लोअरचा सर्वांत सामान्य अपघात आहे आणि तो वापरलेल्या मालात लपवलेला असू शकतो. बोल्ट कॅचच्या (बोल्ट मागे अडवून धरणाऱ्या कळीच्या) पिनेभोवतीचे ओरखडे केवळ दिसण्याचा प्रश्न आहेत. त्यावरून भाव कमी करून घ्यावा, लोअर नाकारू नये. पिनांच्या छिद्रांच्या कडा काळ्या आणि रेखीव असाव्यात. तिथे चांदीसारखी चमक दिसली, तर लेप गेला आहे आणि झीज सुरू झाली आहे. रिकामे मॅगझिन घालून कळ दाबावी. ते स्वतःच्या वजनाने खाली पडले पाहिजे.

पॉलिमरच्या लोअरमध्ये विजेरी तिरपी धरून बफरच्या कड्याचा तळ आणि पुढील पिव्होट पिनची कानशिले पाहावीत. साच्याची शिवण आणि भेग यांत फरक असतो: शिवण सरळ आणि बारीकशी उचललेली, भेग वाकडी आणि आत गेलेली. ताण पडलेल्या जागी रंग पांढुरका झालेला दिसला, तर पदार्थ आतून फाटू लागला आहे असे समजून लोअर परत करावा. विहीर दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबून पाहिल्यास थोडी लवते. ते दोषाचे लक्षण नाही. ट्रिगर आणि हॅमरही प्लास्टिकचेच असलेला तयार संच मिळत असेल, तर लोअर ठेवून आतील भाग पोलादी घेता येतात का, ते विचारावे.

वापरलेली रायफल हाती घेताना मॅगझिन काढलेले आहे आणि चेंबर रिकामे आहे, हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहिल्याशिवाय वरीलपैकी काहीही करू नये.

सातवी पायरी: कायद्याची बाजू

लोअर परवानाधारक विक्रेत्याकडून घ्यावा लागला, तर ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून पार्श्वभूमीची तपासणी होते. नुसता लोअर हा संघीय कायद्यात रायफल नसतो, म्हणून परवानाधारक विक्रेता तो एकवीस वर्षांखालील व्यक्तीला देऊ शकत नाही, जरी तीच व्यक्ती अठराव्या वर्षी तयार रायफल घेऊ शकत असली तरी. त्याच कारणाने दुसऱ्या राज्यातल्या दुकानातून तो थेट घेता येत नाही. आपल्या राज्यातील परवानाधारकाकडे मागवावा लागतो. दस्ता लावून सोळा इंचांपेक्षा आखूड बॅरल बसवल्यास १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट लागू होतो. राज्यांचे नियम याहून कडक असू शकतात आणि कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत ते निश्चितच आहेत. तिथे मूठ आणि दस्ता यांच्या आकारावरही बंधने असल्यामुळे एकसंध पॉलिमर लोअर घेण्याआधी स्थानिक नियम वाचणे भाग आहे.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. एच-१बी, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यास संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकारपरवान्यासारखे काही अपवाद आहेत, परंतु त्यांचा अर्थ स्वतः लावण्याऐवजी वकिलाला विचारावे. ग्रीनकार्डधारकांना ही मनाई लागू नाही.

अनुक्रमांकही नीट पाहावा. कोरीव अंकांची खोली किमान ०.००३ इंच आणि उंची किमान १/१६ इंच असावी लागते. पॉलिमर लोअरमध्ये अनुक्रमांक सहसा आत पक्क्या बसवलेल्या धातूच्या पट्टीवर असतो. ती पट्टी हलत असेल किंवा तिच्याभोवती पोकळी असेल, तर कागदपत्रांवर सही करण्यापूर्वीच लोअर परत द्यावा.

आठवी पायरी: वापर आणि निगा

बफरची नळी जागेवर आवळून धरणारा खाचदार कॅसल नट ॲल्युमिनियममध्ये साधारण ४० फूट-पाउंडांनी आवळतात आणि एंड प्लेट ठोकून तो अडवतात. पॉलिमरसाठी हा आकडा वापरू नये. उत्पादकाने दिलेला आकडा वापरावा, तो पुष्कळ कमी असू शकतो. मुठीच्या स्क्रूलाही हेच लागू आहे. एकदा चुरगळलेले प्लास्टिकचे आटे परत येत नाहीत.

साफसफाईत दोन्ही पदार्थांचे वैरी वेगळे आहेत. ॲनोडायझिंगला तीव्र अल्कली सोसत नाही, त्यामुळे चुलीवरची चरबी काढणारी घरगुती द्रावणे ॲल्युमिनियमवर फवारू नयेत. नायलॉनला तेल आणि पेट्रोलजन्य द्रावणे फारशी बाधत नाहीत, पण तीव्र आम्ल आणि फिनॉल बाधतात. नव्या द्रावणाच्या बाटलीवर पॉलिमरसाठी सुरक्षित असे लिहिलेले नसेल, तर ते वापरू नये.

पॉलिमर लोअर असलेल्या रायफलीत काडतूस अडकले, तर दस्ता जमिनीवर आपटून सोडवण्याची सवय पूर्णपणे सोडावी. मॅगझिन काढावे, बोल्ट हाताने ओढावा, नाही सुटल्यास बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावी. मैदानावरून परतल्यावर कड्याच्या तळाशी आणि पिव्होट पिनपाशी एकदा नजर टाकावी. रायफल दस्त्यावर पडली असेल, तर पुढची फैर झाडण्याआधीच ही नजर टाकावी.

भेग दिसलीच, तर गोंद, इपॉक्सी किंवा स्क्रू यांनी ती सांधण्याचा प्रयत्न करू नये. काचतंतूयुक्त नायलॉनला गोंद नीट धरत नाही आणि सांधलेली जागा पुढच्या धक्क्याला अचानक सुटते. लोअर उत्पादकाकडे पाठवावा. मालकाने दुरुस्तीसाठी परवानाधारक उत्पादकाकडे पाठवलेली बंदूक, किंवा तिच्या बदली त्याच प्रकारची दुसरी, उत्पादक संघीय कायद्याप्रमाणे थेट मालकाच्या पत्त्यावर परत पाठवू शकतो, म्हणून बहुतेक राज्यांत मध्ये स्थानिक विक्रेत्याला शुल्क द्यावे लागत नाही. पाठवण्याआधी अनुक्रमांकाचे आणि भेगेचे छायाचित्र घ्यावे, आणि लोअरवर बसवलेले स्वतःचे भाग काढून ठेवावेत, कारण बदली लोअर बहुधा रिकामाच येतो.